मुक्या जिवाचं दुखणं

नांदुरा म्हटलं की हायवेनं जाणाऱ्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो इथला 105 फुटी हनुमान. एसटीच्या खिडकीतून आपोआप हात जोडले जातात. आमच्या घरीही एक बजरंग आहे, पण तो जेमतेम अडीच इंचांचा! निळ्या अंगाचा, लाल झालरीच्या शेपटीचा मासा. दुकानात त्याला ‘फायटर’ म्हणतात, पुस्तकात ‘बेट्टा’. नाव ठेवलं माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्यानं. “फायटर हाय ना मोठी आई, मंग बजरंगच!” त्याचं हे म्हणणं घरात सगळ्यांनाच पटलं.

वार्षिक परीक्षेत चांगले मार्क मिळाले म्हणून त्याच्या बाबांनी हा मासा खामगावहून आणला. सोबत दोन लिटरचा गोल काचेचा बाऊल, रंगीत खडे आणि प्लास्टिकचं एक झाड. दुकानदारानं सांगितलं होतं, “याला काही लागत नाही. लोटाभर पाण्यातही राहतो. मोटर नको, काही नको. आठवड्याला पाणी बदला, झालं!”

आपण बायका असं ऐकलं की खूश होतो. घरात आधीच इतक्या जणांचं करायचं असतं, त्यात ज्याला काही लागत नाही असा एक जीव आला तर बरंच की!

तिसऱ्या आठवड्यात बजरंगचं काहीतरी बिघडलं. शेपटीची झालर कडेनं काळपट दिसू लागली, मग उंदरानं कुरतडावी तशी विरली. निळा रंग फिका पडला. दाणे टाकले की झेपावणारा मासा खड्यांवर तळाशी निपचित बसू लागला. मधूनच कष्टानं वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि परत खाली.

पुतण्या शाळेच्या सुट्टीत दिवसभर त्या बाऊलसमोर बसून राहिला. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि सहज म्हणाल्या, “अरे, शंभर रुपयाचा तं मासा! मेला तं मेला. तुह्ये बाबा दुसरा आनतीन.”

पोरगं काही बोललं नाही. रात्री अंथरुणात मला हळूच विचारतं, “मोठी आई, मी बिमार पडलो तं तुमी दुसरा आनसान का?”

मैत्रिणींनो, खरं सांगते, इतक्या वर्षांच्या समाजकार्यात अनेक सभांमधून बोलले, पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण दुपारी काकू जे मोठ्यानं बोलल्या, तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या मैत्रिणीच्या मुलीला फोन लावला. ती नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. मोबाइलवर फोटो पाठवले. तिनं आधी माशाबद्दल काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, “मावशी, पाणी कोणतं घालता? कधी बदलता? बाऊल कशानं धुता?”

मी अभिमानानं सांगितलं, “दर रविवारी सगळं पाणी फेकते, बाऊल आणि खडे भांड्यांच्या साबणानं लख्ख घासते, आणि उन्हाळा आहे म्हणून आपण पितो तोच थंड पाण्याचा जार ओतते.”

पलीकडं क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “मावशी, त्याला तुम्हीच आजारी पाडलंय.”

रागच आला मला. घरात माझ्याइतकी स्वच्छता कुणाची नाही! पण तिनं जे समजावून सांगितलं, ते पटलं. आता घरोघरी मुलांच्या हट्टापायी हे फायटर मासे येऊ लागले आहेत, म्हणून ते तुम्हालाही सांगते.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसंच उरलेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा. कल्ले आणि पर जाळतो. तळ्यात किंवा जुन्या, मुरलेल्या टाकीत मात्र एक प्रकारचे उपकारक जिवाणू असतात. ते या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जिवाणू खड्यांवर, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजावर बसलेले असतात. नव्या टाकीत ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

“म्हणजे दह्याचं विरजणच की गं!” मी म्हणाले. “अगदी तसंच,” ती हसून म्हणाली. “आणि तुम्ही दर रविवारी विरजणाचं भांडं साबणानं घासून टाकता.”

वर साबणाचा थोडासा अंश काचेला आणि खड्यांना चिकटून राहतो, तोही माशाला घातकच. आणि जारचं थंड पाणी? मे महिन्यात बाऊलमधलं पाणी बत्तीस-तेहतीस अंशांवर, त्यात एकदम फ्रीजसारखं गार पाणी! माणूस तापलेल्या उन्हातून येऊन घटाघटा बर्फाचं पाणी प्यायला तर आपण ओरडतो. इथं तर त्या जिवाला आपण अख्खं त्यात बुडवत होतो. शिवाय आरओच्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळं निव्वळ ते पाणीही माशाला सोसत नाही. झटक्यानं प्रतिकारशक्ती ढासळते आणि पाण्यात एरवी गुपचूप असणारे रोगजंतू झालरीवर हल्ला करतात. हाच तो पर कुजण्याचा रोग. औषधानं जंतू मरतील, पण पाणी तसंच राहिलं तर रोग परत येणार. आजार माशाला दिसत होता, मूळ मात्र पाण्यात होतं.

मग ‘लोटाभर पाण्यात राहतो’ हे खोटं का? तेही अर्धं खरंच आहे. हा मासा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतला आणि उथळ, संथ पाण्यातला. थायलंडनं 2019 साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. त्याच्या कल्ल्यांजवळ निसर्गानं एक जादा अवयव दिला आहे, त्यामुळं तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. पाणी आटलं, प्राणवायू कमी झाला, तरी तो काही काळ निभावून नेतो. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून दुकानात एकेकाला ग्लासात किंवा पिशवीत ठेवतात. ते बघून आपल्याला वाटतं, याला एवढंच पुरतं. पण श्वास घेता आला म्हणून पाण्यातला अमोनिया काही कमी होत नाही. तो तिथं तगतो, जगत नाही.

आपल्याकडं मत्स्यावताराची गोष्ट आहे ना? मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा म्हणाला, मला वाचव. मनूनं त्याला भांड्यात ठेवलं, तो वाढला, मग मोठ्या जलाशयात, मग समुद्रात. लहानपणापासून ही गोष्ट ऐकली, पण मनूनं त्याला भांड्यातच ठेवून दिलं नाही, ही त्यातली साधी गोष्ट कधी मनावर घेतली नाही.

तर उपचार काय केले? मोठी टाकी येईपर्यंत एक नवा, साबण न लागलेला प्लास्टिकचा टब घेतला. त्यात चारेक लिटर पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते बादलीत वर पातळ फडकं बांधून दिवसभर ठेवलं. घाई असेल तर क्लोरीन मारणारे थेंबही दुकानात मिळतात. आपल्या तालुक्यात पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. त्या भागातल्या मैत्रिणींनी बोअरचं खारं पाणी माशाला मुळीच वापरू नये. माणसाच्या किडनीला जे सोसत नाही, ते अडीच इंचांच्या जिवाला कुठून सोसणार?

चार लिटरला सपाट एक चमचा खडेमीठ वेगळ्या ग्लासात पूर्ण विरघळवून हळूहळू घातलं. खडा तसाच टाकला तर त्याच्या अंगाला भाजतं. रोज तिसरा हिस्सा पाणी काढून तेवढंच, त्याच उष्णतेचं पाणी घालायचं. मीठही तेवढ्याच पाण्यापुरतं. हे जास्तीत जास्त दहा दिवस. नंतर साध्या पाण्यानं मीठ उतरवत न्यायचं. टब खिडकीच्या उन्हातून आणि कूलरच्या झोतासमोरून काढून घरातल्या मधल्या भिंतीजवळ ठेवला. दुपारी टबाभोवती ओलं फडकं गुंडाळलं. या माशाला साधारण 25 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. आपल्या नांदुऱ्याच्या मे महिन्यात ते जमवणं म्हणजे परीक्षाच! पण पाण्यात बर्फ टाकायचा नाही, फरक सावकाश पडू द्यायचा. थंडीत उलट. रात्री पारा उतरला की हा मासा सुस्त पडतो, तेव्हा छोटा हीटर लागतो.

पहिले दोन दिवस खाणं बंद. नंतर सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, हे ऐकून पुतण्याचे डोळे मोठे झाले, कारण तो प्रेमानं मूठभर टाकत होता. जास्त खाणं दोन्हीकडून मारतं. पोट फुगतं आणि उरलेलं कुजून पाणी नासतं.

घरगुती प्रयोग मात्र टाळले. सासूबाई म्हणाल्या, “हयद टाक चिमूटभर.” शेजारून सल्ला आला, कपाटातली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाका. दोन्ही केलं नाही. माणसाच्या औषधाचं माप माशाला लागू नाही आणि ते औषध पाण्यातलं ‘विरजण’ही मारून टाकतं. “नाही तं ज्ञानगंगेत सोडून द्या, त्याचं नशीब,” असंही कुणीतरी म्हणालं. पण परदेशी मासा नदीत सोडणं ही दया नव्हे. एक तर तो मरतो, नाही तर आपला रोग तिथल्या माशांना देतो.

प्रत्येक दुखणं मिठानं जात नाही, हेही सांगते. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवीचा रोग. त्यावरचं औषध ठिपके गेले तरी सांगितले तेवढे दिवस पूर्ण करावं लागतं, कारण ते पाण्यात सुटलेल्या पिल्लांवरच चालतं. मासा आडवा तरंगू लागला तर आधी एक-दोन दिवस उपास. आणि पोट फुगून खवले सीताफळाच्या सालीसारखे उभे राहिले, तर आत बरंच बिघडलेलं असतं, त्यातून मासे क्वचितच वाचतात. म्हणून लवकर बघणं हाच मोठा उपचार.

ते बघण्याचं काम पुतण्यानं अंगावर घेतलं. जुन्या वहीत त्यानं तक्ता आखला. ‘खाल्लं का? वर आला का? रंग? शेपटी?’ रोज सकाळी तो आणि त्याची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, टबाजवळ बसून ती वही भरायचे. पाचव्या दिवशी काळेपणा पुढं सरकायचा थांबला. दहाव्या दिवशी बजरंगनं दाण्यावर झेप घेतली, तेव्हा पोरानं गल्लीभर दवंडी पिटली!

आता जे लिहिते आहे ते जावेला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, “लिहा ताई. अजून एखादीले कामी पडन.”

एके सकाळी मी चहा घेऊन गेले तर पोरगं वही वाचत होतं. “खाणं कमी. रंग उतरला. कोपऱ्यात बसून राहतो. दम लागल्यासारखं करतो.” समोर माझी जाऊ भिंतीला टेकून बसली होती. मी वहीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ओठ पांढरट, डोळ्यांखाली काळं. जिना चढताना ती मध्येच थांबते, हे मी कितीदा पाहिलं होतं. अर्धी पोळी टाकून उठते, दुपारी नुसती बसून राहते, हेही. आम्ही म्हणायचो, “उन्हाळ्यानं होतं असं.” वहीतली चारही लक्षणं माझ्यासमोर बसली होती, आणि तीही सहा महिन्यांपासून! माशाचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात दिसलं. एका छपराखाली राहणाऱ्या बाईचं सहा महिन्यांत नाही.

त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन 8.1. बाईचं ते किमान 12 तरी हवं. पाळीत अंगावरून खूप जात होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणाली, “सांगून काय? काम तं करूनच राह्यली होती मी.”

हेच ते लोटाभर पाणी! ‘तिला काही लागत नाही’ असं ज्या सुनेचं, आईचं, वहिनीचं कौतुक होतं, ती घरातला सगळा अमोनिया गुपचूप पिऊन तगत असते. आणि हे एकट्या आमच्या घरातलं नाही. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. शंभरात चोपन्न! बचतगटाच्या सभेत दहा जणी गोल करून बसलो, तर त्यातल्या पाच-सहा जणी अशा. त्यातल्या किती जणींना ते माहीत असेल?

तिच्याही बाबतीत डॉक्टरांनी नुसती गोळी दिली नाही, तर मूळ शोधायला सांगितलं. पाळीची तपासणी झाली, उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्या रोज, तीन महिने तरी, आणि चहासोबत मुळीच नाही. चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्यायच्या. आता आमच्या घरात वहीत दोन रकाने आहेत, एक बजरंगचा आणि एक ‘आईची गोळी’चा. दोन्हीकडं पोराचं लक्ष असतं. आणि जेवताना सगळ्यात शेवटी उरलेलं खायचं, हा नियम सासूबाईंनीच मोडला. “आता सोबत बसा सगळ्या जनी,” म्हणाल्या.

माशाची तुलना माणसाशी करते म्हणून कुणी हसेल. हसू द्या. मला वाटतं लक्ष देण्याची सवय ही एकच असते, ती माशासाठी वेगळी आणि माणसासाठी वेगळी नसते. ‘शंभराचा तर आहे, दुसरा आणू’ हे ज्या घरात मूल ऐकतं, तिथं ते जिवाची किंमत रुपयात करायला शिकतं. आणि जिथं ते रोज सकाळी एका मुक्या जिवाचा रंग बघायला शिकतं, तिथं उद्या आईचा, बहिणीचा, बायकोचा उतरलेला रंगही त्याला दिसेल. आपण मुलांवर संस्कार संस्कार म्हणतो, ते यापेक्षा वेगळे काय असतात?

म्हणून एक विनंती. वाढदिवसाला, बक्षीस म्हणून, हट्ट केला म्हणून पिशवीतला मासा आणू नका. तो फुगा नाही. इटलीतल्या रोम शहरानं 2005 साली असे गोल बाऊल वापरायला बंदी केली. आपल्याला त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको. आणायचाच असेल तर आधी पंधरा-वीस लिटरची पेटी आणा, झाकणासकट, कारण हा मासा उडी मारतो. मंद चालणारा स्पंजाचा फिल्टर लावा, पाणी मुरू द्या आणि मग मासा आणा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळा. हे जमत नसेल तर नको आणायला. नको म्हणणं हीसुद्धा मायाच आहे. मासे बघायची मुलांना हौस असेल तर आरोग्य खात्याचे गप्पी मासे आहेतच. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवरचं वाक्य आपण वाचतोच. घरच्या हौदात ते सोडले तर डासांच्या अळ्या खातात आणि पोरांनाही बघायला मिळतात.

बजरंगची शेपटी पूर्वीसारखी झाली नाही. नवी झालर आधी काचेसारखी पारदर्शक आली, मग थोडी लाल झाली, पण एका बाजूनं खालीवरच राहिली. पुतण्या म्हणतो, “लढाईतून आला हाय ना, म्हनून.” जावेचं हिमोग्लोबिन परवा 10.4 निघालं. अजून बारा गाठायचं आहे.

आज संध्याकाळी घरात दिवा लावाल, तेव्हा एकदा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं नीट बघा. कुणाचा रंग उतरलाय, कोण कमी जेवतंय, कोण कोपऱ्यात बसतंय. आणि मैत्रिणींनो, त्यात आरशातला चेहराही धरा बरं का!